आजाराचे नाव कोणाच्या मालकीचे?

सामान्य काळातील सहाव्या रविवारी, 'ब' वर्षात, मिस्सामध्ये लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील वाचन येते. कातडीवर सूज, चट्टा किंवा डाग दिसलेल्या मनुष्याला याजकाकडे न्यावे, असा तो नियम आहे. रविवारी त्यातल्या मोजक्याच ओळी वाचल्या जातात. संपूर्ण अध्याय फार थोडे लोक वाचतात, आणि वाचला तरी तो रुक्ष वाटतो. मला मात्र गेली दोन वर्षे तो राहून राहून आठवतो. डाग वरवरचा आहे की कातडीखाली उतरला आहे, त्यावरच्या केसांचा रंग बदलला आहे का, हे याजकाने स्वतः पाहायचे. संशय असेल तर सात दिवस थांबून पुन्हा पाहायचे. आणि मग जे आढळले ते जाहीर करायचे. त्या निर्णयाचे परिणाम त्या काळी भयंकर होते. माणसाला छावणीबाहेर राहावे लागे. तरीही निर्णय नातेवाइकांच्या कानात सांगावा आणि त्या माणसाला मात्र अंधारात ठेवावे, असे त्या अध्यायात कोठेही नाही.

आज कातडीवरचे डाग पाहण्याचे काम धर्मगुरूकडे राहिलेले नाही, हे उत्तमच झाले. परंतु एका डागाच्या बाबतीत मला सल्ला विचारला गेला होता, आणि मी तो दिला होता. ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते काका जाऊन आता वर्ष उलटले. 'लिहा फादर, नाव मात्र नको,' असे त्यांनीच सांगून ठेवले होते. काकूंनाही हा मजकूर वाचून दाखवला आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील तेवढे बदलले आहेत.

काका अंधेरीच्या एका गावठाणातले. लहानपणी वडिलांबरोबर भाताच्या खाचरात अनवाणी वावरलेले. पुढे शेते गेली, इमारती आल्या, आणि काका एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. तेथूनच निवृत्त झाले. साठी उलटल्यावर त्यांच्या डाव्या तळपायावर, टाचेजवळ, एक काळपट डाग उठला. बुटाचा खिळा लागला असेल, असे त्यांनी मानले. डाग पसरत गेला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, मधूनच त्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा मुलाने बळेच डॉक्टरांकडे नेले. तुकडा तपासणीला गेला आणि उत्तर आले: मेलानोमा.

हा आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत तो उन्हाने भाजलेल्या अंगावर पुष्कळ आढळतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो विरळा, आणि होतो तेव्हा बहुधा जेथे कोणी पाहत नाही अशाच जागी होतो: तळपायावर, तळहातावर, नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ली आमच्या तरुण मंडळींना ठाऊक असेल. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग निघाला. फुटबॉल खेळताना लागलेला मार असेल, असे प्रथम वाटले होते. १९८१ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. या रोगाची एक खोड अशी की मूळचा डाग काढून टाकल्यावर वर्षानुवर्षे तो निजल्यासारखा राहतो आणि मग अगदी दूरच्या, अनपेक्षित ठिकाणी उठतो.

शस्त्रक्रिया झाली. घरच्यांनी काकांना सांगितले, 'कुरूप होते, मुळे खोल गेली होती.' परळच्या टाटा रुग्णालयात मुद्दामच नेले नाही. कारण आपल्या उपनगरांत 'टाटाला नेले' हे दोन शब्द म्हणजेच निदान असते. १९४१ साली उघडलेल्या त्या रुग्णालयाने असंख्य जीव वाचवले, पण त्याच्या पाटीखालून आत जाणाऱ्याला काही वेगळे सांगावे लागत नाही. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मुलगा आणि सूनबाई माझ्याकडे आली. मी त्या धर्मग्रामात नवाच होतो. 'फादर, पप्पांना हे कळले तर ते आठ दिवसांत खचतील. आम्ही सांगितले नाही, यात पाप आहे का?'

गोरेगावच्या सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना या प्रश्नाची उत्तरे आम्ही पाठ केली होती. मी म्हणालो, 'खोटे बोलू नका. पण त्यांनी विचारल्याशिवाय सांगण्याची घाईही करू नका.' उत्तर कसे नेटके, दोन्ही बाजूंनी घडी घातलेले! अडचण एवढीच होती की खोटे तर बोलून झाले होते. 'कुरूप' हा शब्द उच्चारला गेला होता, हे मला ठाऊक होते, आणि मी तो ऐकून न ऐकल्यासारखे केले. पुढल्या ११ फेब्रुवारीला, जागतिक आजारी दिनी, चर्चमध्ये रुग्णाभ्यंगाचा संस्कार होता. वयोवृद्धांच्या रांगेत काकाही आले, आणि मी त्यांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने हा संस्कार केवळ मरणासन्नांचा नव्हे, असे स्पष्ट केले, ते योग्यच होते. पण मी त्या मोकळीकीचा पडद्यासारखा उपयोग केला. आपण कशासाठी प्रार्थना करीत आहोत हे त्या रांगेत काकांखेरीज मला, त्यांच्या मुलाला आणि त्यांच्या सुनेला माहीत होते.

डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी तपासणीला बोलावले होते. काका दोनदा गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, 'कुरूपासाठी दर तीन महिन्यांनी रांगेत कोण बसणार?' त्यांचे म्हणणे अगदी तर्कशुद्ध होते. त्याला उत्तर द्यायचे तर खरा शब्द उच्चारणे भाग होते, आणि तो शब्द तर घरात बंदिस्त होता. तपासण्या थांबल्या.

चार वर्षांनी, पावसाळ्यात, काकांचे डोळे पिवळे झाले. पावसाळ्यात मुंबईत कावीळ म्हटली की कोणी फारसे घाबरत नाही. कोणीतरी माळ आणून दिली. ती रोज खाली उतरते आणि कावीळ उतरल्याची खूण पटते, असा समज आहे. हळद-तेल बंद झाले, उसाचा रस सुरू झाला. तीन आठवडे असेच गेले. लघवी गडद होत गेली, शौच पांढुरके, आणि रात्रभर अंगाला अशी खाज की काकू उठून खोबरेल चोळीत बसत. दूषित पाण्याची कावीळ सहसा अशी वागत नाही. पित्ताची वाट कोठेतरी तुंबली आहे, याची ही लक्षणे.

रुग्णालयात डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारले, 'पूर्वी काही मोठा आजार? ऑपरेशन?' काकांनी उत्तर दिले, 'काही नाही. एकदा पायाचे कुरूप काढले होते, तेवढेच.' मुलगा बाजूला उभा होता. पुढे तो मला म्हणाला, 'तोंड उघडले होते, फादर. पण पप्पा समोर बसले होते.' त्याने डॉक्टरांना बाहेर एकटे गाठून सांगावे, असेही त्याच्या मनात आले होते. पण नर्सने पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले, आणि ते राहून गेले. मोठे घोटाळे पुष्कळदा असेच होतात.

सोनोग्राफीत यकृतातल्या नळ्या फुगलेल्या दिसल्या. स्कॅनमध्ये मुख्य पित्तनलिकेत गाठ दिसली. ही नलिका साधारण सहा मिलिमीटर रुंदीची. ती तुंबायला मोठी गाठ लागत नाही. सर्वांचा स्वाभाविक तर्क असा की गाठ पित्तनलिकेचीच असावी, किंवा शेजारच्या स्वादुपिंडाची. कारण त्वचेच्या कर्करोगाने येथे येऊन वाट अडवणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट. तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेत एक बारीक नळी बसवली गेली, पित्त वाहू लागले, खाज थांबली, आणि त्याच वेळी गाठीचा कण काढून तपासणीला पाठवला गेला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात तपकिरी रंगाचे कण होते. पित्त स्वतःच रंगीत असते, म्हणून तेथे रंग दिसला तर त्याचे नवल वाटू नये. परंतु काचेवर बसलेल्या त्या तज्ज्ञ बाईंना पेशींची ठेवण ओळखीची वाटेना. त्यांनी आणखी काही खास रंग लावून पाहिले आणि वरच्या मजल्यावर फोन करून एकच प्रश्न विचारला: 'या गृहस्थांच्या अंगावरून कधी काळा डाग काढला होता का?'

ज्या बाईंनी काकांना कधी पाहिले नव्हते, त्यांनी तो प्रश्न विचारला. तेव्हा कोठे स्टीलच्या कपाटातून, बँकेच्या पासबुकाखालून, चार वर्षांपूर्वीचा कागद बाहेर निघाला.

येथे एक आठवण दिल्यावाचून राहवत नाही. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या मते शरीरात चार रस असत आणि त्यांतला एक होता काळे पित्त. माणसाची खिन्नता त्यातून येते आणि कर्करोगही त्यातूनच, असे गेलेनने शिकवले. ती कल्पना चुकीची ठरून शतके लोटली. पण काकांच्या पित्ताच्या वाटेत खरोखरच काही काळे येऊन बसले होते, आणि घरावर पसरलेली खिन्नता मी डोळ्यांनी पाहत होतो.

आता मूळ प्रश्न. चार वर्षांपूर्वी सांगितले असते तर काका वाचले असते का? डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की या तीन-चार आठवड्यांच्या विलंबाने फारसा फरक पडला नसावा. नियमित तपासण्यांनी कदाचित पडला असता. त्या 'कदाचित'वर मी माझा युक्तिवाद उभा करू इच्छित नाही. खोटे बोलणे वाईट, कारण ते महागात पडते, एवढेच म्हटले तर स्वस्तात सुटणारे खोटे चांगले ठरेल.

संत आगस्तीन यांनी सुमारे इ.स. ४२० मध्ये असत्याविरुद्ध लिहिलेल्या ग्रंथात जवळजवळ हाच प्रसंग घेतला आहे. एक मनुष्य गंभीर आजारी आहे. त्याचा मुलगा वारला आहे, ते त्याला ठाऊक नाही. तो विचारतो, 'माझा मुलगा जिवंत आहे ना?' खरे सांगावे तर त्या धक्क्याने तो मरेल. आगस्तीन असत्याला परवानगी देत नाहीत. पण अशा प्रसंगी आपलेही मन हेलावते, याची कबुली ते देतात; ती कबुली मला त्यांच्या निर्णयाइतकीच मोलाची वाटते. संत थॉमस अक्विनास दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेल्या असत्याला लहान दोष मानतात, पण दोषच मानतात. आणि सत्य विवेकाने झाकून ठेवणे ही वेगळी गोष्ट, असेही सांगतात. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने तर १७९७ साली असे प्रतिपादन केले की दारात आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये. कांटच्या घरात कोणी आजारी काका नसावेत, असे मला विद्यार्थिदशेत वाटे.

कुटुंबाची बाजू मी हलकी समजत नाही. ज्यांनी लपवले त्यांनीच रात्री जागवल्या. 'आपल्या संस्कृतीत असे तोंडावर सांगत नाहीत, ते पाश्चात्त्यांचे,' हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. १९६१ साली शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारले असता सुमारे ९० टक्क्यांनी कर्करोग रुग्णाला सांगत नसल्याचे उत्तर दिले होते. १९७९ साली अमेरिकेतच तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत संस्कृती पालटत नसते. पालटले ते एवढेच की सांगितल्यावर काही करता येईल अशी आशा निर्माण झाली आणि रुग्णाला विचारणे भाग पडू लागले. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात निर्णय दिला की सज्ञान, समजून घेऊ शकणाऱ्या रुग्णाच्या जागी तिच्या आईने दिलेली संमती पुरेशी नाही. काकांच्या बाबतीतही हाच पेच उभा राहिला. शरीराच्या प्रतिकारशक्तीचा लगाम सोडवून तिला या रोगावर सोडणारी औषधे आता आहेत. त्यामागच्या संशोधनाला २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काहींना त्यांचा वर्षानुवर्षे गुण येतो, काहींना मुळीच नाही. खर्च मोठा, त्रासही होऊ शकतो. ते घ्यायचे की नाही हे कोण ठरवणार? कुरूप झालेल्या माणसाला हा प्रश्न विचारता येत नाही.

या रोगाचे वर्णन करणाऱ्यांत अग्रणी होता रने लेनेक हा फ्रेंच वैद्य. स्टेथोस्कोपचा शोध लावणारा तोच, श्रद्धाळू कॅथॉलिक. १८०४ साली पॅरिसमध्ये त्याने या रोगावर निबंध वाचला आणि ग्रीक भाषेतल्या 'काळा' या शब्दावरून त्याला नाव दिले. पुढे त्याला स्वतःलाच क्षय जडला. असे सांगतात की त्याने आपल्या पुतण्याला आपल्याच छातीला स्टेथोस्कोप लावायला सांगितले आणि जे ऐकू येते त्याचे वर्णन करायला लावले. पुतण्याने सांगितले. त्या वर्णनाचा अर्थ काय, हे लेनेकइतके कोणाला ठाऊक असणार? १८२६ साली तो ब्रिटनी प्रांतातल्या आपल्या घरी गेला, तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. त्या पुतण्याचा विचार मी पुष्कळदा करतो. प्रेमापोटी त्याने एखादा आवाज गाळला असता, तर आपण त्याला दयाळू म्हटले असते काय? मला वाटते, त्याने काकाच्या छातीतले काकाचे होते तेच काकाला परत केले.

माझा निष्कर्ष हा असा आहे, आणि तो मी चार वर्षे उशिरा काढला. आजाराचे नाव ही घराची ठेव नव्हे. ज्याच्या अंगात तो आजार आहे त्याची ती आहे. घरच्यांकडे ती काही काळ सांभाळायला असू शकते, धीर एकवटेपर्यंत, योग्य वेळ येईपर्यंत. रुग्णाला स्वतःला जाणून घ्यायचे नसेल, 'मला सांगू नका, मुलाला सांगा,' असे तो म्हणत असेल, तर तोही त्याचाच अधिकार. पण त्याला न विचारताच ती ठेव आपल्या कपाटात कायमची ठेवून देणे ही दया असली तरी तिला दुसरेही एक नाव आहे, आणि सातव्या आज्ञेच्या संदर्भात ते आपण लहानपणी शिकलो आहोत.

सांगावे कसे, हा निराळा प्रश्न. राजा हिज्कीया मरणाच्या पंथाला लागला होता. त्यालाही कातडीवर गळूच झाले होते. यशया संदेष्ट्याने येऊन सरळ सांगितले की तू वाचणार नाहीस, आणि तो निघाला. राजा भिंतीकडे तोंड करून रडला. संदेष्टा मधल्या अंगणापलीकडे गेलाही नव्हता तोच देवाने त्याला मागे फिरवले. पुढे अंजिराचा लेप आला, पंधरा वर्षेही मिळाली. पण मला त्या कथेत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते संदेष्ट्याचे मागे फिरणे.

काकांना मी सांगितले ते असे. नळी बसवून ते घरी आले होते. डॉक्टर पुढच्या भेटीत बोलणार होते, घरच्यांनी तशी संमती दिली होती. पण काकांनी वाट पाहिली नाही. मी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारले, 'फादर, तुम्ही तरी सांगा, मला काय झालंय?' मी मुलाकडे पाहिले. त्याने मान हलवली. मी टाचेवरच्या डागापासून सुरुवात केली आणि मला ठाऊक होते ते सर्व सांगितले. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आजाराविषयी काहीच विचारले नाही. विचारले ते हे: 'कोणाकोणाला ठाऊक होतं?'

'घरच्यांना,' मी म्हणालो.

'नावं सांगा.'

मुलाने सांगितली. आई, तो, त्याची बायको, मुलुंडची आत्या, शेजारचे कुटुंब.

'आणि फादर?'

'मलाही ठाऊक होतं, काका.'

'म्हणजे गावठाणात मी एकटाच राहिलो.' थोड्या वेळाने म्हणाले, 'आज जा, फादर.'

मी गेलो. यशयाला लगेच मागे फिरवले गेले; मला चार दिवस लागले, कारण मला लाज वाटत होती. गेलो तेव्हा काका अजून रागावलेले होते. आठ दिवसांत खचतील, ही भीती खरी ठरली नाही. आठ दिवस ते नुसते रागावले होते. त्यांनी पाप निवेदन केले नाही, मला माफ केले असेही म्हणाले नाहीत. फक्त तो जुना कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, आणि नातीकडून तो शब्द देवनागरीत लिहवून घेतला. मग गोराईच्या भावाला निरोप धाडला. घराच्या वाटणीवरून दोघांत बारा वर्षे अबोला होता. भाऊ दोनदा आला. वाद मिटला नाही. पण दोघांनी ओटीवर बसून चहा घेतला, हे मी पाहिले.

उपचार घ्यायचे असे काकांनीच ठरवले. पहिल्या दिवशी मीही सोबत गेलो होतो. एक तरुण डॉक्टर कागद भरत होते. त्यांनी सवयीने मुलाकडे पाहून विचारले, 'यांना पूर्वी काही आजार?' मुलाने तोंड उघडले. काकांनी हात वर केला.

'चार वर्षांपूर्वी डाव्या टाचेवरचा मेलानोमा काढला,' ते म्हणाले. 'कुरूप नव्हतं ते.' आणि पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख विचारली. काकांना ती पाठ होती.